परकराची नाडी

नऊवारी नेसण्यात जन्म गेलेल्या बाईच्या कमरेवर एक काळी रेघ असते. करंगळीएवढी रुंद, हाताला खरखरीत लागणारी आणि गाठ बसते तिथे थोडी जाड झालेली. माझ्या आजीला ती होती. उन्हाळ्यात घामाने खाजायची. मग आजी आंघोळीनंतर तिच्यावरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायची आणि त्याच जागी, तितकीच आवळून, पुन्हा गाठ मारायची. लुगडं सैल नेसणं हे तिच्या लेखी गबाळेपणाचं लक्षण होतं. त्या रेघेबद्दल तिने डॉक्टरांना कधी विचारलं नाही आणि डॉक्टरांनाही ती कधी दिसली नाही. दिसणार कशी? ताप मोजायला कंबर उघडी करावी लागत नाही.

या रेघेला वैद्यकाच्या इतिहासात मात्र जागा आहे. १९४५ साली 'आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक निबंध छापून आला. लेखक होते टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई. रुग्णालय सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. रोजच्या सवयींतून उद्भवणारे तीन नवे कर्करोग भारतात दिसतात, असं त्यांनी मांडलं. त्यांतले दोन तंबाखूचे. तिसरा कमरेचा, धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी कसून बांधल्याने होणारा. 'धोती कॅन्सर' हे नाव तिथून पाठ्यपुस्तकांत गेलं.

पुढे धोतरं कमी झाली, साड्या राहिल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी 'साडी कॅन्सर'चे रुग्ण नोंदवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधलं मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन बायकांची हकिकत छापली. एक सत्तर वर्षांची. तिच्या उजव्या कुशीतली जखम दीड वर्ष भरत नव्हती. दुसरी साठी केव्हाच ओलांडलेली. ती चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसत आली होती, कमरेला गच्च आवळून. तिची जखम दोन वर्षांची होती आणि तपासणी झाली तेव्हा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'पेटीकोट कॅन्सर' असे मथळे दिले. या रोगाचे आजवर नोंदले गेलेले रुग्ण फार थोडे आहेत, हे मात्र त्या मथळ्यांत मावलं नाही.

होतं ते असं. रोजचा दाब, घर्षण, घाम आणि धूळ यांनी कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, तिचा कोंडा सुटतो आणि एखाद्या दिवशी भेग पडते. भेग भरून यायला जी उसंत लागते, ती तिला मिळत नाही, कारण सकाळी पुन्हा गाठ. जखम भरू पाहणाऱ्या पेशी विभागत राहतात, आणि प्रत्येक विभाजनात नक्कल उतरवताना चूक व्हायची थोडी तरी शक्यता असते. बहुतेकींची गोष्ट रेघेवरच संपते. एखादीच्या वाट्याला काही दशकांनी कडा उचललेला, न भरणारा व्रण येतो. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंडकोशावरच्या कर्करोगाचं कारण काजळीत शोधलं होतं. खानोलकरांचं काम मी त्याच रांगेतलं मानतो. दोघांनीही रुग्णाचे कपडे आणि दिनक्रम पाहून रोगाचा माग काढला.

या सगळ्या हकिकतीत ऊन कुठेच आलं नाही, हे लक्षात आलं असेल. त्वचेचा कर्करोग म्हटलं की जगभरच्या माहितीपत्रकांवर सूर्य असतो, छत्री असते, पांढऱ्या मलमाची ट्यूब असते. ती पत्रकं खोटी नाहीत. ती दुसऱ्या कातडीसाठी लिहिलेली आहेत.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. ढगाळ, गार बेटांवरून आलेली गोरी माणसं विषुववृत्ताच्या बरीच जवळ येऊन राहिली, समुद्रकिनाऱ्यावर उघडी लोळू लागली आणि त्यांच्या कातडीने त्याची किंमत मोजली. तिथे सत्तरी गाठेपर्यंत दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो. १९८१ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोग परिषदेने 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' अशी मोहीम काढली. सिड नावाचा सीगल पक्षी दूरदर्शनवर नाचत सांगायचा, सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर गावी तर प्रयोगच झाला. १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशेहून अधिक गावकऱ्यांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिलं. त्या गटात स्क्वॅमस सेल जातीचे, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचे, कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि पुढच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोगही, निम्म्यावर आला. गोऱ्या कातडीला सनस्क्रीन वाचवतं, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता आपल्या कातडीकडे येऊ. गोऱ्या, गव्हाळ आणि काळ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी जे रंगाचे कण बनवतात त्यांच्यात. सावळ्या कातडीत ते मोठे असतात, सुटे-सुटे पसरलेले असतात आणि प्रत्येक पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे बसून आतल्या डीएनएवर सावली धरतात. गोऱ्या कातडीत ते लहान असतात, पुंजके करून राहतात आणि लवकर विरून जातात. १९७९ मध्ये कायद्बे या संशोधकाने सहकाऱ्यांसह अमेरिकेत मोजून पाहिलं, तेव्हा कृष्णवर्णीय माणसाच्या त्वचेच्या वरच्या थराचं अतिनील-बी किरणांपासूनचं अंगभूत संरक्षण सरासरी १३.४ पट भरलं आणि गोऱ्या माणसाचं ३.४ पट. आपण या दोघांच्या मध्ये कुठेतरी. भारतात एकूण कर्करोगांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचा वाटा एक टक्क्याच्या आतबाहेर राहतो, त्याचं मुख्य कारण हेच.

कातडीच्या या फरकांची वर्गवारी हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली केली. त्यांना हवं होतं काही वेगळंच. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा किती डोस द्यावा, हे ठरवायला त्यांनी विचारायला सुरुवात केली की उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता की रापता? त्यातून चार प्रकार निघाले, चारही गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळी कातडी पाचव्या-सहाव्या क्रमांकाने मागाहून जोडली गेली. आपली बहुतेक मंडळी चौथ्या-पाचव्यात येतात. निमगोरी, गहूवर्णी, सावळी, काळीसावळी असे भेद करणाऱ्या आपल्या विवाहविषयक जाहिराती या बाबतीत हार्वर्डच्या पुढे होत्या, फक्त हेतू वैद्यकीय नव्हता.

मग आपल्याला सनस्क्रीन नकोच का? वांग येत असेल, उन्हाने काळवंडायचं नसेल, उन्हाची ॲलर्जी असेल, तर जरूर लावा. कर्करोग टळावा म्हणून गहूवर्णी माणसाने रोज महागडी ट्यूब रिकामी करावी, याला पुरावा तोकडा आहे. जिच्यात कातडीचा रंगच बनत नाही त्या वर्णहीनतेत, म्हणजे अल्बिनिझममध्ये, गोष्ट उलटी होते. तिथे सनस्क्रीन हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. तांझानियात मोशी गावी 'किलिसन' नावाचं सनस्क्रीन खास अशा लोकांसाठी बनवून वाटलं जातं, कारण तिथल्या उन्हात त्यांतले पुष्कळजण ऐन तारुण्यात त्वचेच्या कर्करोगाने जात. आपल्याकडे असं मूल घरात असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि दर काही महिन्यांनी तपासणी यांत हयगय नको. कोड असलेल्यांची मात्र एक भीती इथेच काढून टाकायला हवी. पांढरे डाग म्हणजे पुढे कर्करोग, असं काही नाही. कोड असलेल्यांना मेलॅनोमा इतरांपेक्षा कमीच होतो. त्यांची प्रतिकारशक्ती रंगपेशींवर चालून जाते, म्हणून डाग पडतात, आणि तीच बिघडलेल्या रंगपेशींनाही सोडत नाही.

सावळ्या कातडीला कर्करोग होतो तो अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी. कमरेचं पाहिलं. काश्मीरमध्ये तो पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला होतो. थंडीत फिरन नावाच्या सैल झग्याच्या आत निखाऱ्यांची शेगडी, म्हणजे कांगडी, धरून बसायची तिथली रीत. तिच्या धगीने कातडीवर आधी जाळीसारखी तांबूस-काळी नक्षी उमटते आणि पुष्कळ वर्षांनी एखाद्याला त्या नक्षीत गाठ येते. श्रीनगरला आलेल्या एल्म्सली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. पश्चिम बंगालमध्ये कारण पाण्यात निघालं. १९८३ साली कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे तळहातांवर बारीक कठीण गाठी आणि अंगभर पावसाच्या थेंबांसारखे ठिपके असलेले खेडूत येऊ लागले. नलकूपाच्या पाण्यातलं आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात जात होतं. त्यातून होणारे कर्करोग झाकलेल्या अंगावरही उठतात.

आपल्या घरांतला मोठा धोका म्हणजे जुना भाजल्याचा व्रण. स्टोव्हचा भडका, चुलीवरचं उकळतं पाणी, उसाच्या गुऱ्हाळातली काहील. भाजलेलं अंग कातडी न लावता आपोआप भरू दिलं की तिथे पातळ, ताणलेली, रक्तपुरवठा कमी असलेली कातडी येते. गुडघ्यामागे किंवा कोपरात ती पुन्हा पुन्हा फाटते. अशा व्रणात सरासरी तीसेक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. हाडाच्या जुन्या वाहत्या जखमेत, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाच्या व्रणात तो तसाच होतो. आणि उन्हाने होणाऱ्या स्क्वॅमस सेल कर्करोगापेक्षा हा अधिक खोडसाळ. गाठींमध्ये लवकर उतरतो. लहानपणी भाजलेल्या जागी पन्नाशीत फोड आला, तर 'जुनंच आहे ते' म्हणून सोडून देऊ नये. जुनं आहे म्हणूनच दाखवायला हवं.

तळपायाची गोष्ट आणखी वेगळी, आणि ती जगाला कळली एका गायकामुळे. जमैकाचा बॉब मार्ली फुटबॉलवेडा होता. १९७७ मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं बरं होईना. सगळ्यांना वाटलं, खेळताना लागलंय. तुकडा तपासला तेव्हा नखाखाली मेलॅनोमा निघाला. हातापायांच्या टोकांना होणारा हा प्रकार रिचर्ड रीड या अमेरिकी तज्ज्ञाने वेगळा ओळखून जेमतेम एक वर्ष झालं होतं. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला मार्लीने मानला नाही. त्याचा रास्ताफारी धर्म अंगाचा अवयव कापू देत नव्हता. फक्त नख आणि त्याखालचा भाग काढून तिथे कातडी लावण्यात आली. ११ मे १९८१ रोजी, ३६ व्या वर्षी तो मायामीत गेला. तोवर रोग मेंदूपर्यंत गेला होता.

टोकांचा हा मेलॅनोमा काळ्यांना जास्त होतो असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. तो सगळ्या वंशांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो, म्हणजे क्वचित. पण सावळ्या माणसाला उन्हाचे मेलॅनोमा जवळजवळ होतच नाहीत, म्हणून जे होतात त्यांत तळपाय, तळहात आणि नखं यांचा वाटा मोठा भरतो. जपानी डॉक्टरांनी २०१६ मध्ये तळपायाच्या नकाशावर असे मेलॅनोमा मांडले. ते टाचेवर आणि चवड्यावर, म्हणजे भार पडतो तिथे दाटलेले होते. पायाच्या खळग्यात, जो जमिनीला टेकत नाही, तिथे थोडे. दाबाचा काहीतरी संबंध असावा, एवढं यावरून दिसतं.

तळपायावरचा प्रत्येक तीळ वाईट नसतो, आणि इथे निसर्गाने एक छान खूण ठेवली आहे. बोटांच्या ठशांसारख्याच तळपायाच्या कातडीवर रेघा असतात, म्हणजे उंच वरंबे आणि त्यांच्यामधल्या सऱ्या. तोशिआकी सैदा या जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की निरुपद्रवी तिळाचा रंग बहुधा सऱ्यांमध्ये साचतो आणि मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. डर्माटोस्कोप नावाच्या दिव्याच्या भिंगातून हे मिनिटभरात दिसतं. मोठेपणी तळपायावर नवा डाग उठला आणि तो सात मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण मोठ्या वाटाण्याच्या, पुढे गेला, तर भिंगाखाली निरुपद्रवी तिळाची ठळक खूण दिसली नाही की तुकडा काढून तपासतात. एक पंचाईत अशी की काही मेलॅनोमांना रंगच नसतो. ते लालसर मांसासारखे दिसतात, चिघळतात आणि कुरूप किंवा मधुमेहाची जखम समजून महिनोन्महिने ड्रेसिंग होत राहतं. घरी ब्लेडने कुरूप तासणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना हात जोडून सांगतो, ते ब्लेड टाका.

नखाचंही बघा. सावळ्या माणसांच्या नखांत उभी काळी रेघ असणं सर्रास आढळतं, त्यातून दोन-चार नखांत असेल तर चिंता नाही. एकाच नखात, त्यातून हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, मोठेपणी नवी रेघ आली, ती तीन मिलिमीटरहून रुंद झाली, मुळाशी रुंद आणि टोकाला अरुंद दिसू लागली, किंवा काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला, तर डॉक्टरांकडे जायला हवं. कातडीवर उतरणाऱ्या काळेपणाची खूण लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये सांगितली. त्यांनी नखाच्या मेलॅनोमाला दिलेलं नाव मराठीत आणलं तर 'काळं नखुरडं' असं होईल.

दार लागून काळं पडलेलं नख आणि हा रोग, यांतला फरक कसा ओळखायचा? मेंदी आठवा. नखाला चढलेला मेंदीचा रंग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी कोरं नख येतं. साकळलेलं रक्तही असंच पुढे सरकतं. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत मुळाशी स्वच्छ चंद्रकोर दिसायला हवी. मेलॅनोमाची रेघ मुळापासून टोकापर्यंत जागच्या जागी राहते, कारण तिचा कारखाना मुळातच असतो. नेलपॉलिश लावणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी ते पुसून उघडी नखं पाहावीत.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ होणारा बेसल सेल कर्करोग ऊन खाल्लेल्या म्हाताऱ्यांना आपल्याकडेही होतो. गोऱ्यांमध्ये तो मोत्यासारखा गुलाबी दिसतो, आपल्यात बऱ्याचदा काळा, चकचकीत. त्यामुळे 'तीळ वाढलाय' म्हणून वर्षं निघून जातात. तो क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाक-पापणी कुरतडत राहतो. वेळेत काढला तर गोष्ट संपते.

वेळेत न काढण्याची किंमत आकड्यांत दिसते. अमेरिकेत मेलॅनोमा झालेल्या गोऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के निदानानंतर पाच वर्षं पार करतात, कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७० टक्के. ज्यांना हा रोग कमी होतो, त्यांच्यातलेच रुग्ण त्याने अधिक प्रमाणात मरतात. त्याला टोकांच्या मेलॅनोमाचा खट स्वभाव काही अंशी कारण आहे, महागडे उपचार आहेत, पण मोठं कारण उशीर. रुग्णाला वाटत नाही की हा आपला रोग आहे, आणि डॉक्टरांनाही वाटत नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांनी मेलॅनोमा ओळखायच्या खुणा सांगितल्या, वेडावाकडा आकार, फाटकी कड, एकाहून जास्त रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास. त्या आजही उपयोगी आहेत, पण गोऱ्या पाठीवरचे तीळ समोर ठेवून केलेल्या. नख आणि तळपाय त्यांत नीट बसत नाहीत.

आपल्याकडे उशिराला आणखी दोन कारणं आहेत. पहिलं, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडची मलमं. गजकर्ण असो, वांग असो की व्रण, एकच ट्यूब. खाज थांबते, लाली उतरते आणि रोग आत मुकाट वाढतो. दुसरं कारण म्हणजे 'सुरी लागली की कॅन्सर भडकतो' हा समज. बायोप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासण्याने, त्वचेचा कर्करोग पसरत नाही. पसरतो तो न तपासता वाट पाहिल्याने. तुकडा काढायला बहुतेक वेळा जागा बधिर करण्याचं एक इंजेक्शन आणि पंधरा मिनिटं पुरतात.

तेव्हा महिन्यातून एकदा आंघोळीनंतर दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि सगळी नखं पाहा. खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा नातवंडाला पाहायला सांगा. अंगावर जुना भाजल्याचा व्रण असेल तर तोही चाचपा. सहा आठवड्यांत न भरलेली जखम कुठेही असो, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा आणि 'तुकडा तपासायचा का?' असं स्वतःहून विचारा. परकराला बारीक नाडीऐवजी दोन बोटं रुंद पट्टी लावून घ्या, गाठ रोज थोडी वर-खाली सरकवा आणि घरी असताना सैल सोडा. आईच्या, सासूच्या, आजीच्या कमरेवरची रेघ एकदा उजेडात पाहून घ्या. ती नको म्हणेल, तरी पाहा.